पाठमोरी

रोहा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुनीती,

रघुनाथचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. हात थरथरतो हल्ली. फोनच करणार होतो, पण परवा बाजारात तुमचा अद्वय भेटला, म्हणाला, आजीला फोनवरचं काही ऐकू येत नाही, तुम्ही पत्रच लिहा, तिला आवडेल. नागोठण्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला होता. तुझ्या भावाचा, दाजीचा नातू म्हणून लगेच ओळखला. चालणं अगदी दाजीचं.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात. पुण्याहून नात आली आहे, इशिता. ती सिनेमाचं शिक्षण घेते. जुने इंग्रजी सिनेमे लॅपटॉपवर बघत बसते आणि टिपणं काढते. तिच्या शेजारी बसून मीही परवा एक बघितला. साठ सालचं लंडन दिसलं, त्या लाल बसगाड्या, ते धुरकट आकाश. मग दोन दिवस झोप नीट लागेना. तुझी आठवण आली.

आपण दोघं एकाच वेळी तिकडे होतो, एका टेबलावर जेवलो, पण इतक्या वर्षांत त्याबद्दल कधी बोललोच नाही. तुझ्या काकूचा मी भाचा, लग्नाकार्यात भेटायचो तेवढंच. एक विचारू का? तुझा तो बालशिक्षणाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. संपायला दोनच महिने उरले असताना तू अचानक परत का आलीस? सहज विचारतो. सांगावंसं वाटलं नाही तर राहू दे.

तुझा,
रघुनाथ


पेण,
२० जानेवारी २०२५

प्रिय रघुनाथ,

पत्र आलं. पोस्टमनने दारात येऊन हातात दिलं, तेव्हा बायजाबाईला वाटलं कोर्टाचंच काही आलं. आमच्याकडे कामाला येते ती. हल्ली साधं पत्र कोण पाठवतं! दोनदा वाचलं. सत्त्याऐंशीच्या माणसाच्या मानाने अक्षर वाईट नाही. 'दीपावली'ची वेलांटी तेवढी तू नेहमी चुकतोस, मागच्या दिवाळीच्या कार्डात चुकला होतास.

तू विचारलंस म्हणून सांगते. आता सांगायला हरकत नाही, विचारणारंही कोणी उरलं नाही.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात बाबांची तार आली, आई अत्यवस्थ, ताबडतोब नीघ. मी मिळेल त्या बोटीने निघाले. सतरा दिवस रडत आले. बॅलार्ड पियरला उतरले तर बाबांच्या शेजारी आई उभी. धडधाकट. डोक्यावर पदर, हातात माझ्यासाठी आणलेली फुलं. मी तिच्या गळ्यात पडले, पण तिने मला जवळ घेतलं नाही. फुलंसुद्धा दिली नाहीत, गाडीत तशीच तिच्या मांडीवर राहिली.

घरी आल्यावर बाबांनी एक पत्र पुढे टाकलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. खाली नाव नाही, 'एक हितचिंतक' एवढंच. त्यात माझ्याबद्दल काहीबाही लिहिलं होतं. काय ते विचारू नकोस. बाबा म्हणाले, "हे खोटं आहे असं एकदा म्हण." मी गप्प राहिले. त्यानंतर बाबा गेले तोपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, एका घरात राहून माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी दाजीकडे मागायचे. माझ्या लग्नाचं कोणी काढलं की म्हणायचे, दुसऱ्याच्या घराला मी फसवणार नाही.

मग ओटीवर बालवाडी काढली, ती तुला माहीत आहे. ती वाढली, सरकारी मदत आली, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून मला माझ्याच शाळेत मदतनीस करून ठेवलं. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी मुख्य झाली. भली होती ती, रजेचा अर्ज मागताना तिलाच कानकोंडं व्हायचं.

ते पत्र कोणी लिहिलं ते कधी कळलं नाही. मला मात्र मनातून खात्री आहे. महमूद. तुमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होता तो, तुमच्या रोह्याचाच. मी रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचे, पोटभर वरणभात मिळायचा म्हणून. तेव्हा त्याच्यादेखत मी नको ते बोलून गेले होते. पुढे सत्तर-एकाहत्तरला तो एकदा पेणला आमच्या दारात आला होता. खिडकीतून बघितला. हातात कसलासा डबा होता. मी दार उघडलं नाही. निर्लज्जपणाची कमाल वाटली मला.

तू तेवढा दर दिवाळीला कार्ड पाठवत राहिलास. त्या सगळ्या वर्षांत माझी चौकशी करणारा तू एकटा होतास, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

तब्येत सांभाळ. गुडघ्यांना तेल लाव.

सुनीती


रोहा,
९ फेब्रुवारी २०२५

सुनीती,

तुझं पत्र येऊन वीस दिवस होत आले. चार वेळा उत्तर लिहून फाडलं. आता एका दमात लिहितो आणि स्वतःच जाऊन पेटीत टाकतो.

ते पत्र महमूदनं लिहिलेलं नाही. मी लिहिलं.

मागच्या पत्रात 'सहज विचारतो' लिहिलं ते खोटं होतं. तू का परत आलीस ते मला चौसष्ट वर्षं माहीत आहे. तुला काय काय माहीत आहे ते मला चाचपून बघायचं होतं. तुला काहीच माहीत नाही असं दिसलं असतं, तर कदाचित गप्पच बसलो असतो. पण तू महमूदचं नाव घेतलंस.

सगळं सांगतो. एकसष्टच्या जानेवारीत मी तुला लग्नाचं विचारलं होतं. तू हसलीस आणि म्हणालीस, "रघुनाथ, मी इथेच राहून शिकवणार आहे, तू दुसरी बघ." वाईट हसली नव्हतीस. पण मला ते हसणं लागलं. त्यानंतर मी रविवारी जेवायच्या टेबलावर येणं टाळायला लागलो आणि एकटाच भटकायला लागलो.

मार्चमध्ये एका शनिवारी मी एका बारक्या थिएटरात शिरलो. बाहेर पाटी होती, कपड्यांविना राहणाऱ्यांच्या शिबिरावरचा सिनेमा. तेव्हा असे सिनेमे बरेच निघायचे. सेन्सॉरने अडवले तरी एखाद्या गावची नगरपालिका परवानगी द्यायची, कारण नाव आरोग्याचं. आत अंधारात रेनकोट घातलेले एकेकटे पुरुष, दोघांत दोन-दोन खुर्च्या सोडून बसलेले. मीही तसाच बसलो. पडद्यावर माणसं व्हॉलीबॉल खेळत होती, टेबल मांडून चहा घेत होती, नळाखाली कपबशा विसळत होती, आणि अंगावर कोणाच्याच काही नाही. मागून एक भारदस्त आवाज सूर्यप्रकाशाचे फायदे सांगत होता, शाळेतल्या आरोग्यशास्त्राच्या तासाला सांगतात तसे. समोरून कोणी यायला लागलं की नेमका टॉवेल, चेंडू नाहीतर एखादं झुडूप आडवं यायचं.

मग एक पोहण्याचा तलाव आला. काठावर एक बाई पाठमोरी बसली होती. सावळी. कंबरेपर्यंत काळी वेणी. पायाने पाणी उडवत होती. शेजारचा म्हातारा माझ्याकडे झुकून म्हणाला, "तुमच्याकडची दिसते." मी उठलो आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडलो.

तुझी घरमालकीण दर रविवारी असल्या शिबिराला जाते, हे तूच टेबलावर सांगितलं होतंस. "त्यांना त्यात काहीच वाटत नाही, आणि ऐकताना मलाही काही वाटलं नाही," असं म्हणाली होतीस. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं की ती तूच. खरं तर ती तूच असावीस असं मला हवं होतं.

मी काम करायचो त्या कारखान्यातल्या टाइपरायटरवर पत्र केलं आणि टाकण्यापूर्वी महमूदला वाचून दाखवलं. तो पीठ मळत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रघ्या, तोंड बघितलंस तिचं?"

"नाही."

"मग काय बघितलंस? पाठ? अन तीच असली तरी तिच्या बापाला तू कशाला सांगतोस? बरं, सांगतोस तर तू तिथं काय करत व्हतास ते पण लिव की त्यात."

मी ते लिहिलं नाही. एका परिचिताने सिनेमा पाहून मला सांगितलं असं लिहिलं. आणि पत्र टाकलं.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो. इशितानं लॅपटॉपवर लावलेला सिनेमा तोच होता. तिला अभ्यासाला आहे तो, सेन्सॉरच्या धड्यात. "आजोबा, गंमत बघा, याला लोक घाबरायचे," म्हणाली. तलाव आला तसा मी ओळखला. ती बंद करायला गेली, म्हाताऱ्याला अवघड वाटेल म्हणून. मी म्हटलं, "थांब, चालू दे." तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती सांगत नाही. मी चष्मा पुसून पुढे सरकलो. मी उठून गेलो होतो त्यानंतर फार तर दहा सेकंदांत ती बाई वळते. चाळिशीची आहे. रुंद नाक, जाड भुवया, युरोपात दक्षिणेकडच्या कुठल्या तरी देशातली गोरी उन्हाने रापलेली बाई. ती तू नाहीस. कुठल्याही बाजूने तू नाहीस.

दहा सेकंद बसलो असतो तर. पण खरं सांगू, बसलो असतो तरी मी चांगला माणूस झालो नसतो. फक्त तू वाचली असतीस.

माफी मागायला तोंड नाही.

रघुनाथ


रोहा,
२२ फेब्रुवारी २०२५

सुनीती,

माझं पत्र मिळालं का? उत्तर दिलं नाहीस तर ते योग्यच आहे. एवढंच कळव की मिळालं. दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं असेल या विचाराने जीव जात नाही आणि राहत नाही. आणि हे लिहिताना कळतं, याही वेळी मला माझीच काळजी आहे.

रघुनाथ


पेण,
२६ फेब्रुवारी २०२५

रघुनाथ,

मिळालं. माझ्याच हाती पडलं, घाबरू नकोस.

पहिले काही दिवस तुझी सगळी दिवाळीची कार्डं शोधून काढली. त्रेपन्न निघाली. बायजाबाईला म्हटलं, बंबात घाल. तिने विचारलं, "एवढी चांगली चित्रं आहेत गो बाय, का जाळतेस?" मी म्हटलं, घाल. ज्याने विहिरीत ढकललं तोच दर वर्षी काठावर येऊन वाकून विचारत होता, बरी आहेस ना? आणि मी खालून म्हणत होते, आहे, आहे, तुझे उपकार.

आता माझं ऐक. तू मला जे सांगितलंस त्यापेक्षा मोठं मला तुला सांगायचं आहे, आणि ते मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही.

मी गेले होते.

साठ सालच्या ऑगस्टमध्ये, मिसेस हॉलंडबरोबर, म्हणजे माझ्या घरमालकिणीबरोबर, एकदाच. साठीची विधवा होती ती, मुलगा युद्धात गेलेला. मला म्हणाली, नुसती चल, वाटलं तर कपड्यात बस. मी अर्धा तास साडीत बसले. सगळ्यांत ती साडीच विचित्र दिसायला लागली. मग उठले, साडी सोडली, घडी घातली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझ्यापुढे टोपलीभर मटार ठेवले. आम्ही दोघी दुपारभर मटार सोलत होतो. लोक यायचे-जायचे, माझ्याकडे बघायचेही, पण मटार सोलणाऱ्या बाईकडे बघतात तसे. पेणच्या बाजारात नऊवारी लुगड्यातल्या बाईकडेही कोणी इतकं साधं बघत नाही.

त्या दिवशी पलीकडे तिकाटण्यावर कॅमेरा लावून दोन माणसं काहीतरी करत होती. मी लक्ष दिलं नव्हतं.

म्हणून बाबा "खोटं आहे म्हण" म्हणाले तेव्हा मला म्हणता आलं नाही. मला वाटलं, त्या कॅमेऱ्यात मी आले. कोणीतरी खरोखर बघितलं. चौसष्ट वर्षं मी धरून चालले की जगात कुठेतरी एक सिनेमा आहे आणि त्यात मी आहे. विलायतेहून कोणी आलं की मी आजारी पडायचे. अद्वयने घरात इंटरनेट घेतलं त्या आठवड्यात मला ताप आला होता. डॉक्टरला काही सापडलं नाही. दाजीच्या नातवंडांना मांडीवर घेताना वाटायचं, ही मोठी होतील आणि एक दिवस बघतील.

आणि तू लिहितोस, ती मी नाहीच. कुठल्याही बाजूने नाही.

तुझ्यावर चिडू की तुझं पत्र देवापुढे ठेवू, हे ठरवता येईना. म्हणून उत्तराला वेळ लागला.

आता महमूदचं. त्या टेबलाशी तेव्हा तुम्ही दोघं होतात. मी त्याला निवडलं. त्याला टाइप करता येत नाही हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, कोणाकडून करून घेतलं असेल. तू काकूचा भाचा, आपल्या घरचा, तुझा संशय मनाला शिवलासुद्धा नाही. मी त्याला का निवडलं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि लिहायची लाज वाटते. तूही जाणतोस.

तो गेला असं ऐकलं होतं. त्याचं कोणी आहे का रोह्यात? असेल तर त्यांच्याकडे जा. तू काय केलंस ते सांग आणि मी काय केलं तेही सांग. माझं झाकू नकोस. त्यानंतर इथे ये, आणि दाजीसमोर हेच बोल. बाबांनंतर या घरात त्याचाच शब्द चालतो, आणि तो अजून मला 'अक्काचं ते लंडनचं' असं पाठीमागे म्हणतो. मला एका कानाने तेवढं ऐकू येतं.

सुनीती


रोहा,
८ मार्च २०२५

सुनीती,

महमूदची मुलगी अमीना इथेच असते, कुंडलिकेच्या अंगाला त्यांचं घर आहे. परवा गेलो. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातो, पण त्यांच्या घराची पायरी चढलो नव्हतो. लंडननंतर महमूद आखातात गेला, तिथून कायमचा परत आल्यावर त्यानं बाजारात दुकान टाकलं होतं. मी तिथून भाजीची पिशवी घेऊन रोज जायचो. तो रोज विचारायचा, "काय रघुनाथराव, गुडघे काय म्हणतात?" मला रघ्या म्हणायचं त्यानं सोडून दिलं होतं. कधीपासून ते मला आठवतं.

अमीना साठीची आहे. रमजान चालू आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "माझा रोजा हाय काका, तुमचा नाय," म्हणून तिनं माझ्यासाठी चहा ठेवला. तो तसाच निवला. मी सगळं सांगितलं. सिनेमाचं सांगताना जीभ चालेना. मुलीच्या वयाच्या बाईसमोर, उपासाच्या दिवशी. ती खाली बघून ऐकत होती. मी थांबलो की म्हणायची, "व्हय, पुढं?"

तुझंही सांगितलं, दार न उघडल्याचं. तेव्हा तिनं मान वर केली.

"म्हणजे ती पेणची बाई!" म्हणाली. "अब्बा कुवेतहून पहिल्यांदा आले तवा गेले व्हते. खजुराचा डबा घेऊन. डबा तसाच परत आणला. आईनं विचारलं, दार उघडत नायत तिथं जाता कशाला? तर बोलले, तिची चूक नाय. तिला कोणीतरी काहीतरी चुकीचं सांगितलंय. मी सांगायला गेलो व्हतो, पण दाराबाहेर उभं राहून कसं सांगू?"

मी विचारलं, "कोणाबद्दल सांगायला? माझं नाव घेतलं होतं का त्यानं?"

"कधीच नाय घेतलं." मग तिनं विचारलं, "काका, अब्बा रोज तुमाला सलाम करायचे. ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. दुकानात पंचवीस वर्षं बसले. तुमाला एक दिवस पण वाटलं नाय की आत जाऊन बसावं, बोलावं?"

मी हात जोडले. तिनं ते धरून खाली केले. म्हणाली, "माझ्यापुढं नका जोडू. ज्यानं डबा परत आणला तो गेला. मी कोण माफ करणारी?"

निघताना म्हणाली, "बाईंना सांगा, ईदला या. त्या इतक्या लांबून नाय येऊ शकल्या तर मी जाईन."

पेणला पुढच्या रविवारी, सोळा तारखेला येतो. इशिता सुट्टीला आली आहे, ती गाडीने आणेल. तिला काही सांगितलेलं नाही. तिथे बसून ऐकू दे.

रघुनाथ


रोहा,
१८ मार्च २०२५

सुनीती,

रविवारी तुझ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. दाजीकडे बघूनच बोललो. बोलताना आवाज फुटत नव्हता, तुला ऐकू तरी गेलं की नाही कोण जाणे. अद्वय तुझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता, तेवढं दिसलं.

दाजी म्हणाला, "जाऊ दे हो, झालं ते झालं, चहा घ्या." मला वाटलं होतं तो मला हाकलून देईल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

परत येताना नागोठण्याजवळ इशिताने गाडी कडेला घेतली, उतरली, आणि पाठ करून उभी राहिली. परत आत बसल्यावर एवढंच विचारलं, "तुम्ही त्या आजींना दर दिवाळीला कार्ड पाठवत होता?"

"हो."

"कशाला?"

काल ती पुण्याला गेली. सुट्टी अजून आठवडाभर होती.

एकदा विचारतो, पुन्हा विचारणार नाही. मला माफ करशील का?

रघुनाथ


पेण,
२४ मार्च २०२५

रघुनाथ,

ऐकू आलं. जे आलं नाही ते अद्वयने सांगितलं, एक शब्द न गाळता.

मलाही वाटलं होतं की तू बोललास म्हणजे घरात काहीतरी होईल. छत कोसळेल, निदान दाजी माझ्यापाशी येऊन बसेल. त्याने तुला साखर किती विचारली. तुम्ही गेल्यावर वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाला, "बघ, शेवटी तुझ्यावरचा आळ गेला. तू तशी नव्हतीसच."

ते मला सहन झालं नाही. आळ गेला म्हणजे काय? जिच्यावरचा आळ गेला ती बाई मी नव्हते. मी म्हटलं, "दाजी, पेपर ठेव. सिनेमात मी नव्हते. पण त्या शिबिराला मी गेले होते. कपडे काढून बसले होते."

मी मोठ्याने बोलले असणार, मला माझा अंदाज राहत नाही. बायजाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दाजीचा चेहरा बाबांसारखा झाला. हुबेहूब. "म्हणजे बाबा चुकले नव्हते," म्हणाला.

रघुनाथ, मी शहाऐंशी वर्षांची आहे, आणि माझ्या ऐंशीच्या धाकट्या भावासमोर मी भिंतीला धरून उभी होते. म्हटलं, "चुकले. तिथे बसले होते तेव्हा मला लाज वाटली नव्हती रे. ती मला पोस्टाने आली. बाबांनी ती माझ्या हातात दिली आणि मी घेतली. परत करता येते हे मला कोणी सांगितलं नाही."

दाजी उठून आत गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. काल अद्वयकडून मीठ मागवलं. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. तुम्ही आलात त्या रात्री अद्वय माझ्या खोलीत येऊन बसला होता. शेवटी म्हणाला, "आजी, थंडी नव्हती का गो?" मी म्हटलं, "ऑगस्ट होता बाळा." तेवढंच. पण इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

माफीचं. 'माफ केलं' असं लिहायला परवा बसले. हात पुढे जाईना. मी मुलांना आयुष्यभर शिकवलं की मनात नसलेलं लिहायचं नाही, तर आता कशाला लिहू? तू खरं बोललास, ते माझ्या उपयोगी पडलं. तुझ्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं. इशिताला तू फोन कर. ती उचलणार नाही, तरी कर. मला पाठवलीस तशी तिला नुसती कार्डं पाठवू नकोस.

ईद येत्या सोमवारी किंवा मंगळवारी. अद्वयने रजा टाकली आहे, तो मला अमीनाकडे घेऊन येणार आहे. तिच्यापुढे काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. महमूदच्या मुलीच्या दारात उभी राहीन आणि ती उघडते का बघेन.

तू तिथे यायचं की नाही, ते मला विचारू नकोस. अमीनाला विचार.

सुनीती